भिंतीतील आवाज : श्रवण, शब्द आणि कारणशोध

घराच्या भिंतीतून रात्री आवाज यावा, तो कशाचा हे कळू नये आणि शोध घेऊ लागताच तो थांबावा, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याची शास्त्रीय चर्चा कोणास अनावश्यक वाटेल. या विषयाची दखल आजवर घेतली ती सुतारांनी, कीटकशास्त्रज्ञांनी, स्थापत्य अभियंत्यांनी आणि, अगदी वेगळ्या हेतूने, भुताखेतांच्या कथा लिहिणाऱ्यांनी. भाषाभ्यासकाचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर असे की या प्रसंगात आवाज करणारा पदार्थ दृष्टीआड असतो, आणि घरमालक सुताराला किंवा नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावून आणतो तेव्हा आवाजही बहुधा बंद असतो. कारागिराच्या हाती पडतो तो केवळ आवाजाविषयीचा शब्द. 'भिंतीत खुडबुड होते', 'छतात कोणीतरी चालते', 'रात्रभर टकटक चालू असते' यांसारख्या एखाद्या वाक्याचा अर्थ लावण्यापासूनच कारणशोधास प्रारंभ होतो. अशा वाक्यात ऐकलेले किती आणि मानलेले किती, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम कानाच्या मर्यादा लक्षात घेणे इष्ट होय. मोकळ्या हवेत ध्वनी कोणत्या दिशेने आला हे माणूस बऱ्याच अंशी ओळखतो ते ध्वनी दोन कानांशी पोचण्याच्या वेळेत पडणाऱ्या फरकावरून. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सात दशसहस्रांशांच्या आसपास असतो. इतक्या सूक्ष्म अंतराचा हिशेब कान बिनचूक करतो. परंतु भिंतीतील आवाजाच्या बाबतीत मात्र त्याचा हा हिशेब निरुपयोगी ठरतो. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. काँक्रीटमधून, किंवा लाकडातून त्याच्या रेषांच्या दिशेने, तो याच्या दहापटीच्या आसपास वेगाने जातो आणि लोखंडी नळातून त्याहूनही त्वरेने. एका ठिकाणी उत्पन्न झालेले कंपन क्षणार्धात सबंध भिंतीत पसरते आणि जो भाग पातळ, पोकळ वा सैल असेल तो वाजू लागतो. तंबोऱ्याची तार छेडली जाते एका ठिकाणी आणि नाद घुमतो भोपळ्यातून, तसाच हा प्रकार आहे. 'आवाज नेमका याच कोपऱ्यातून येतो' असे ऐकणारा छातीठोकपणे सांगतो तेव्हा तो खरेच सांगत असतो. फक्त तो भोपळ्याकडे बोट दाखवीत असतो.

'आवाज रात्रीच होतो' या विधानातही अशीच गफलत आहे. दिवसाच्या कोलाहलात बुडून गेलेला क्षीण ध्वनी रात्री उघडा पडतो. तेव्हा 'रात्रीच होतो' आणि 'रात्रीच ऐकू येतो' ही दोन भिन्न विधाने होत. उंदरासारख्या निशाचर प्राण्याच्या बाबतीत पहिले विधान बहुतांशी खरे असते, नळाच्या बाबतीत पुष्कळदा दुसरेच खरे असते. व्यवहारात बोलणारा हा भेद करीत नाही, आणि ऐकणाऱ्याने तो मागाहून करावा म्हटले तर त्यासाठी लागणारी माहिती वाक्यात शिल्लक राहिलेली नसते.

शब्दामुळे कारणशोध किती काळ खोळंबून राहू शकतो याचे उत्तम उदाहरण इंग्लंडात सापडते. तेथील जुन्या घरांच्या लाकडी तावदानबंद भिंतींतून आणि तुळयांतून वसंत ऋतूत व उन्हाळ्याच्या आरंभी रात्रीच्या वेळी टकटक असा आवाज येई. आजाऱ्याच्या उशाशी जागत बसलेल्या माणसांना तो विशेषेकरून ऐकू येई आणि पुढे आजारी दगावला की त्या आवाजाची आठवण राही. यावरून त्या आवाजास 'डेथ-वॉच' हे नाव पडले. 'वॉच' या शब्दात जागल आणि घड्याळ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, ही गोष्ट या नावाच्या टिकाऊपणास चांगलीच पोषक ठरली. मराठीत त्याला 'मरणाची जागल' म्हणता येईल, परंतु त्यात घड्याळाची टिकटिक हरवते. खरे पाहता ज्या घरात कोणी मरणासन्न नसे तेथेही हा आवाज होतच असे. तेथील माणसे त्या वेळी झोपलेली असत, एवढाच काय तो फरक. जागरण आणि निःशब्दता या दोन गोष्टी आजाऱ्याच्या खोलीत एकत्र येत आणि म्हणून आवाजाची व मृत्यूची सांगड त्याच खोलीत बसे.

सतराव्या शतकातील वैद्य व ग्रंथकार थॉमस ब्राऊन याने लोकभ्रमांची चिकित्सा करणारा जो ग्रंथ लिहिला आणि जो १६४६ साली प्रथम प्रसिद्ध झाला, त्यात या आवाजाचा विचार आहे. त्याने हे कीटक पकडून पातळ पेट्यांत ठेवले व ते पेटीच्या बाजूवर ठोके देताना पाहिले. आजीबाई आणि दायांना सुटणारा घाम या एका गोष्टीने वाचेल, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. त्यानंतर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १६९८ साली बेंजामिन ॲलन याने आणि १७०१ व १७०४ साली विल्यम डरहॅम याने या विषयावर लेख लिहिले. डरहॅम हा अपमिन्स्टर या गावचा धर्मोपदेशक. पुढे तोफांची चमक दिसणे आणि आवाज ऐकू येणे यांमधील काळ मोजून ध्वनीचा वेग ठरविणारा, आणि ते काम १७०९ साली प्रसिद्ध करणारा डरहॅम तो हाच. आवाजाकडे शुद्ध आवाज म्हणून पाहण्याची त्याची सवय येथेही कामी आली.

या दोघांच्या लेखांतून एक चमत्कारिक गोष्ट उघड होते. दोघेही 'डेथ-वॉच'विषयीच लिहितात, परंतु दोघांचे प्राणी वेगळे आहेत. ॲलन याने वर्णिलेला प्राणी कठीण पंखांचा भुंगेरा होय. त्याचे आजचे शास्त्रीय नाव झेस्टोबियम रूफोव्हिलोसम. तो सुमारे पाच ते सात मिलिमीटर लांब असतो व कपाळ लाकडावर आपटून ठोके देतो. डरहॅमच्या लेखांत प्रामुख्याने येतो तो कागदात व जुन्या भिंतींच्या बुरशीवर राहणारा दोनेक मिलिमीटरचा मऊ, फिकट कीटक. त्याला लिनियसने ठोके देणारा या अर्थाचे 'पल्सेटोरियम' हे विशेषण दिले. एकोणिसाव्या शतकात तर आयुष्याचा धागा कापणाऱ्या ग्रीक नियतीदेवीचे 'ॲट्रोपॉस' हे नावही त्यास चिकटले. हा कीटक आपले पोट कागदावर वा गिलाव्यावर आपटतो. दोन्ही आवाजांना टकटक म्हणता येते हे खरे. तथापि ते सारखे नाहीत. भुंगेऱ्याचे ठोके बहुधा चार ते अकरा असतात, ते एखाद्या सेकंदाच्या आत उरकतात आणि मग तो थांबतो. लहान कीटकाची टिकटिक हलकी असते व बराच वेळ घड्याळासारखी एकसारखी चालू राहते. म्हणजे फरक लयीत होता आणि तो कोणत्याही सावध कानास ऐकू येण्याजोगा होता. परंतु नाव एक असल्यामुळे आवाजही एकच मानला गेला. एडगर ॲलन पो याच्या १८४३ सालच्या एका प्रसिद्ध कथेत खुनी माणूस भिंतीतील हा आवाज रात्रीमागून रात्री ऐकत बसतो; कथेतील अखंड, सारख्या लयीच्या आवाजाचे वर्णन पाहता तो भुंगेऱ्याचा नसून या लहान कीटकाचा असावा, असे मत एका अभ्यासकाने मांडले आहे. मत सर्वांना पटो वा न पटो, त्याची पद्धत निर्दोष आहे : नाव बाजूस ठेवावयाचे आणि लय मोजावयाची.

भुंगेऱ्याच्या ठोक्यांचा अर्थ आज पुरेसा स्पष्ट आहे. अळी ओलीने व बुरशीने मऊ झालेल्या जुन्या ओक लाकडात कित्येक वर्षे, कधी दहा वर्षांपर्यंतही, पोखरत राहते. प्रौढ कीटक वसंतात सुमारे तीन मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर पडतो. नर ठोके देतो, मादी त्यास ठोक्यांनीच उत्तर देते आणि नर उत्तराच्या रोखाने चालू लागतो. पेन्सिलीच्या टोकाने त्याच गतीने लाकडावर ठोकले असता नर पुष्कळदा माणसालाही उत्तर देतो. मरणाची जागल म्हणून जी ऐकली गेली ती वस्तुतः मीलनाची हाक होती. यात काव्य शोधण्याचा मोह अनेकांना झाला आहे. पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या आवाजाने एक खरी सूचना मिळत होती, आणि ती माणसाविषयी नसून छपराविषयी होती. तुळईत ओल आहे, बुरशी आहे, ती आतून पोकळ होत आहे, असे तो आवाज सांगत होता. नावाने लक्ष आजाऱ्याच्या खाटेकडे वळविले आणि तुळईकडे कोणी पाहिले नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या ओक छपराची तपासणी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्रँक बेन्स याने केली, तेव्हा या कीटकाने केलेली हानी एवढी आढळली की छपरास पोलादी सांगाड्याचा आधार द्यावा लागला. ते काम १९२३ पर्यंत चालले.

या छपरातील कीटक मारण्याचे औषध शोधण्याचे काम ज्याच्याकडे आले तो हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय पूर्वी हिंदुस्थान सरकारचा कीटकशास्त्रज्ञ होता. बिहारमधील पुसा येथील संस्थेत त्याने काम केले आणि भारतीय कीटकसृष्टीवरील त्याचा मोठा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. त्याचा ओकमधील भुंगेरा मुख्यतः युरोपातला. आपल्या सागवानी कडीपाटात तो शोधण्यात अर्थ नाही. परंतु लहान जीवाचा आवाज, त्याला मिळालेले नाव आणि त्या नावातून निघालेले भाकीत ही साखळी आपल्याकडेही आहे, आणि तीही घराच्या भिंतीवरच.

घरातील पाल काढते तो आवाज बहुतांशी आपल्या हद्दीची ग्वाही देण्यासाठी किंवा जोडीदारासाठी असतो. मराठीत तो 'चुकचुकणे' या क्रियापदाने सांगितला जातो. हेच क्रियापद माणूस जिभेने जो हळहळीचा आवाज काढतो त्यासही लावतात : वार्ता ऐकून लोक चुकचुकले. तेव्हा मराठी माणसाच्या कानी पाल केवळ वाजत नाही. ती हळहळते, आणि ज्याअर्थी ती हळहळते त्याअर्थी हळहळण्याजोगे काही घडणार असले पाहिजे. 'चूक' या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यानेही येथे हातभार लावला असणे शक्य आहे. 'मनात शंकेची पाल चुकचुकणे' हा वाक्प्रचार आणि पाल अंगावर पडल्याची फळे सांगणारी पंचांगांतील पल्लीपतनाची प्रकरणे यांना हा शब्द पुष्कळ पूरक ठरला असावा. पालीच्या मूळ आवाजात दुःखाचे काहीच नाही. शब्द वेगळा असता तर कदाचित शकुनही वेगळा झाला असता.

येथवरच्या विवेचनावरून शब्द हा कारणशोधाचा शत्रूच होय, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात ध्वन्यनुकारी शब्दांना भाषेच्या व्यवस्थेत गौण स्थान दिले आहे : असे शब्द थोडे, आणि तेही संकेतबद्ध. फ्रेंचपुरते हे मान्य करता येईल. भारतीय भाषांची गोष्ट निराळी आहे. एमेनो याने १९६९ साली दाखवून दिले की ध्वन्यनुकारी शब्दांची विपुलता आणि त्यांची द्विरुक्त घडण हे संबंध भारतीय भाषाक्षेत्राचे, म्हणजे आर्य व द्राविड अशा दोन्ही कुलांतील भाषांचे, समान लक्षण आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशाची पाने नुसती चाळली तरी मराठीतील या भांडाराची कल्पना येते. आणि हे भांडार नुसते विपुल नाही, तर सुव्यवस्थित आहे.

ही व्यवस्था भिंतीतील आवाजाच्या संदर्भात पाहू. 'खट्', 'खटकन्', 'खटदिशी' या रूपांनी एकदाच घडून संपलेला आवाज सांगितला जातो. 'खटखट' या द्विरुक्तीने पुनरावृत्त आवाज. 'खटखटाट' याने पुनरावृत्तीबरोबर अतिरेक. 'टक', 'खट', 'ठक' असे स्पर्श व्यंजनाने बंद होणारे घटक सुटे, तुटक ठोके दर्शवितात, तर 'करकर', 'घरघर', 'सळसळ' यांतील रकार-लकार आवाजाचे लांबत जाणे दर्शवितात. स्वरांचेही कार्य आहे : 'किरकिर' बारीक व उंच, 'करकर' मोठी व उघडी, 'कुरकुर' दबलेली. परंतु सर्वांत उपयुक्त भेद पूर्ण द्विरुक्ती आणि अंशतः द्विरुक्ती यांमधील आहे. 'टकटक', 'टपटप', 'धडधड' यांत तोच घटक जसाच्या तसा परत येतो. हे आवाज लयबद्ध असतात. 'खुडबुड', 'धडपड', 'खडबड' यांत दुसरा घटक बदलून येतो. हे आवाज अनियमित असतात, थांबत-हलत जागा बदलतात. नळ टपटपतो, तो खुडबुडत नाही. उंदीर खुडबुडतो, तो टपटपत नाही. सामान्य बोलणारा हा नियम सांगू शकणार नाही, पण तो पाळतो. तेव्हा घरच्या माणसाच्या तोंडून सहज निघालेला पहिला शब्द हा मौल्यवान पुरावा असतो. त्यात आवाज एकेरी की पुनरावृत्त, तुटक की लांबट, लयबद्ध की विस्कळीत, एवढी माहिती त्याच्या नकळत साठविलेली असते.

लेखनात यातील काही माहिती गळून पडते हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. 'चुकचुक' यातील चकार दंतमूलीय आणि 'चिकचिक' यातील तालव्य. देवनागरीत अक्षर एकच. पाल आणि चिचुंद्री यांच्या आवाजांतील भेद कानाला जेवढा स्पष्ट तेवढा कागदावर राहत नाही. चिचुंद्री हा उंदराचा प्रकार नव्हे, तो मुख्यतः किड्यांवर जगणारा वेगळ्या गणातील प्राणी आहे. ती भिंतीच्या कडेने चिकचिकत पळते, पण उंदराप्रमाणे लाकूड वा तारा कुरतडीत बसत नाही. चिनी भाषेने तिच्या आवाजास नाण्यांच्या छनछनाटाची उपमा दिली आहे. म्हणून 'कुरतडण्याचा आवाज' आणि 'चिकचिक' हे दोन्ही एकाच भिंतीतून येत असतील तर प्राणीही दोन असावेत, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

आता ज्या टप्प्यावर माहिती बिघडते तो टप्पा पाहू. मराठीत 'भिंतीत खटखट होते' असे म्हणता येते. या वाक्यात कर्ता आवाज आहे. कोणी आवाज करणारा नाही. 'भिंत खटखटते' येथेही तसेच. परंतु बोलणारा दोन-तीन रात्रींनंतर 'भिंत कोणीतरी खटखटवते' असे म्हणू लागतो. व्याकरणदृष्ट्या फरक केवळ प्रयोजकाच्या '-अव-' या प्रत्ययाचा आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र भिंतीत एक व्यक्ती शिरलेली असते, तिला हेतू असतो आणि त्या हेतूचा शोध सुरू होतो. 'आवाज येतो' पासून 'आवाज करतात' पर्यंतचे अंतरही असेच. ऐकलेल्यात काहीच भर पडलेली नसते; भर पडते ती वाक्यरचनेत. संस्कृत शास्त्रकारांनी घुणाक्षरन्याय सांगितला आहे : घुणकिडा लाकूड खात जातो, त्याच्या मार्गाची रेघ योगायोगाने अक्षरासारखी दिसते आणि पाहणारा ते अक्षर वाचतो. दृश्य रेघेच्या बाबतीत जे घडते तेच श्राव्य ठोक्यांच्या बाबतीत घडते, इतकेच.

ही चर्चा केवळ व्याकरणाच्या वर्गापुरती नाही. अनामिक कर्ता फार काळ अनामिक राहत नाही. गावात त्याला शेजारणीचे किंवा भाऊबंदाचे नाव मिळते व गोष्ट करणी आणि भानामतीपर्यंत जाते. शहरातील इमारतीत ते नाव वरच्या मजल्यावरील कुटुंबाचे असते. एखादी व्यक्ती करणी किंवा काळी जादू करते असे भासवून तिच्याविरुद्ध वातावरण निर्माण करणे हा महाराष्ट्रातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये अपराध आहे. कायद्याची गरज पडते तेव्हा त्या '-अव-' प्रत्ययाला बराच काळ लोटलेला असतो.

म्हणून माहिती घेण्याचा क्रम महत्त्वाचा. बोलीच्या क्षेत्रपाहणीत जो संकेत पाळला जातो तोच येथे पाळावा : माहिती देणाऱ्याच्या तोंडी शब्द घालू नये. 'उंदरासारखा आवाज होता का?' असे विचारल्यास उत्तर होकारार्थीच येते. प्रथम आवाज तोंडाने काढून दाखविण्यास सांगावे, किंवा बोटांनी टेबलावर वाजवून दाखविण्यास सांगावे. लय यातच सर्वांत शुद्ध उतरते. त्यानंतर शब्द विचारावा. कोणत्या वेळी, कोणत्या ऋतूत, त्याच सुमारास घरात दुसरे काय चालू होते, भिंतीवर थाप मारल्यास आवाज थांबतो की नाही, हे त्यानंतर. कारणाविषयीचे मत अगदी शेवटी, आणि तेही वेगळ्या पानावर लिहावे.

थाप मारल्याने थांबणारा आवाज सजीवाचा असण्याची शक्यता अधिक. उंदीर-घुशी थबकतात आणि काही वेळाने पुन्हा सुरू करतात. वाळवीचे मात्र उलट घडते : धक्का बसताच तिचे सैनिक डोकी आपटू लागतात आणि पोखरलेल्या फळीतून बारीक खरखर उमटते. बांबूच्या वाशातील वा कुडातील घुणकिड्यांची किरकिर इतकी मंद असते की तिच्यापेक्षा खाली साचलेला पिवळट भुगाच आधी दिसतो. दिवसाढवळ्या तुळईत घुमणारा मोठा आवाज आणि अंगठ्याएवढे गोल छिद्र असेल तर तो काळा भुंगा होय, आणि तो कोणाला काही सुचवीत नसतो. निर्जीव कारणांत पत्र्याचे छप्पर प्रथम येते. तीन मीटर लांबीचा पोलादी पत्रा तीस अंशांनी थंड झाला तर सुमारे एक मिलिमीटर आखडतो. खिळ्यांनी धरून ठेवल्यामुळे तो हळूहळू न आखडता अडतो आणि एकदम सुटतो. म्हणून दिवे लागण्याच्या सुमारास 'ताड्कन्' असे एकेक आवाज, वाढत्या अंतराने, येतात. येथे कोणी 'ताडताड' म्हणत नाही, 'ताड्कन्' म्हणतो. भाषेने निदान आधीच केलेले असते.

नळाचे आवाज सर्वांत फसवे, कारण ते दूर प्रवास करतात. वाहते पाणी तोटी झटकन बंद केल्याने अडले की त्याच्या वेगाचे दाबात रूपांतर होते आणि तो दाबाचा धक्का नळातून मागेपुढे धावतो. झुकोव्स्की याने १८९७–९८ च्या सुमारास मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून याचे गणित मांडले. सेकंदाला केवळ एक मीटर वेगाने वाहणारे पाणी लोखंडी नळात एकाएकी थांबले तर वातावरणाच्या दहापटीहून अधिक दाब क्षणभर उत्पन्न होतो. भिंतीत सैल बसविलेला नळ त्या धक्क्याने आपटतो. शिवाय जेथे नगरपालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येते तेथे रिकाम्या नळातील हवा आधी बाहेर ढकलली जाते. पहाटेची गुरगुर आणि फुसफुस ती हीच. टाकी भरत आली की बॉलकॉकची झडप अर्धवट मिटते, थरथरते आणि सबंध इमारतीच्या उभ्या नळाला कापरे भरते.

इमारतींत राहणारी माणसे अलीकडे 'वरच्या मजल्यावर रात्री कोणीतरी गोट्या टाकते' अशी तक्रार वारंवार करतात. या वाक्यात कारण आधीच आलेले आहे. म्हणून त्याचे पृथक्करण करणे अवश्य होय. गोटी पडल्याचा आवाज म्हणजे एक स्पष्ट ठोका आणि त्यामागून जवळजवळ येत विरत जाणारे ठोके. याच लयीचा आवाज नळातील दाबाचा धक्का मागेपुढे जात क्षीण होतानाही होऊ शकतो. तक्रार करणाऱ्यास गोटी हा शब्द न वापरता तो आवाज बोटांनी वाजवून दाखविण्यास सांगावे, आणि त्याची वेळ सात रात्री लिहून ठेवावी. ती वेळ पंप बंद होण्याशी किंवा टाकी भरण्याशी जुळते का ते पाहावे. त्यानंतर एक रात्र गच्चीवरील टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवावा. आवाज त्या रात्री आला नाही तर नळ-कारागिरास बोलवावे. आला तर वरच्या मजल्यावर जाऊन विचारण्यास हरकत नाही. मात्र तेथेही 'तुम्ही रात्री काय टाकता?' असे न विचारता 'रात्री तुम्हालाही काही ऐकू येते का?' असे विचारावे. बहुधा त्यांनाही तो आवाज त्यांच्या वरच्या मजल्यावरूनच येत असतो.